विश्लेषण : दारातला बर्फ काढण्यासाठी ‘एटीव्ही’ कशी निवडतात? या यंत्रामागचे आर्मां बॉम्बार्डिये कोण होते?

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळा जवळ आला, की मोठ्या अंगणाच्या घरांत एक खरेदी चर्चेला येते. रस्त्यापासून घरापर्यंतच्या खासगी वाटेवरचा, म्हणजे ड्राइव्हवेवरचा बर्फ काढण्यासाठी कोणती ‘ऑल टेरेन व्हेइकल’ अर्थात एटीव्ही घ्यावी? इंजिन किती मोठे असावे, पाते किती रुंद असावे, चाके पुरतील की पट्टे लागतील? हे प्रश्न आजचे वाटतात. पण बर्फावर यंत्र कसे चालवायचे, याचा विचार कॅनडातील क्यूबेक प्रांतातल्या एका खेड्यातील मेकॅनिकने शंभर वर्षांपूर्वीच सुरू केला होता. त्याचे आडनाव मुंबईच्या लोकल प्रवाशांनाही ठाऊक आहे. जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिये यांचे आयुष्य आणि त्यातून आजच्या खरेदीदाराला काय समजते, याचा हा आढावा.

बर्फाचा प्रश्न नेमका काय?

बर्फाशी सामना करण्याचे मार्ग दोनच. एक तर तो बाजूला सारायचा, नाही तर त्याच्यावरून जायचे. दोन्हींचे यंत्रशास्त्र एकमेकांच्या उलट आहे. बर्फावरून जायचे तर वाहन हलके हवे आणि त्याचे वजन जास्तीत जास्त जागेवर पसरायला हवे, नाही तर ते रुतते. बर्फ सारायचा तर वाहनाला वजन हवे आणि जमिनीवर पक्की पकड हवी, नाही तर पात्यासमोरचा ढीग हलत नाही आणि चाके जागीच फिरतात. रोहतांग किंवा झोजिला खिंडीत दरवर्षी सीमा रस्ते संघटना बर्फ कापून रस्ता मोकळा करते, तो पहिला मार्ग. गुलमर्गला पर्यटक ज्या स्नोमोबाइलवर बसतात, तो दुसरा.

बॉम्बार्डिये यांनी आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्या मार्गाला दिला. पहिल्या मार्गाने मात्र त्यांचा चाललेला धंदा एकदा जवळपास मोडला होता. त्यानंतर त्यांच्या कारखान्याने दोन्ही मार्गांसाठी यंत्रे बनवली.

आर्मां बॉम्बार्डिये कोण?

१६ एप्रिल १९०७ रोजी क्यूबेकमधील व्हॅलकोर्ट या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात आर्मांचा जन्म झाला. आठ भावंडांत तो थोरला. वडील आल्फ्रेड यांनी पुढे शेती सोडून गावात दुकान टाकले. मुलाला मात्र ना शेतीत रस, ना दुकानात. जुनी घड्याळे उघडायची, त्यांच्या चाकांवर खेळण्यातले ट्रॅक्टर आणि आगगाड्या चालवायच्या, हा त्याचा उद्योग. घरातली कोणती वस्तू कधी सुटी होऊन पडेल, याचा नेम नव्हता.

त्या काळात ग्रामीण क्यूबेकमध्ये हिवाळा म्हणजे चार-पाच महिन्यांचा वेढा असे. गावाबाहेरचे रस्ते कोणी साफ करत नसे. ज्यांच्याकडे मोटार होती ते ती पहिल्या मोठ्या बर्फाबरोबर गोठ्यात किंवा पडवीत उभी करून ठेवत. वसंत येईपर्यंत घोड्याची घसरगाडी हेच वाहन. डॉक्टर, पाद्री, टपालवाला आणि प्रसूतीच्या वेदना सुरू झालेली बाई या सगळ्यांचा प्रवास घोड्याच्या दमावर अवलंबून असे.

पहिली बर्फगाडी कधी चालली?

आर्मां १५ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला फोर्ड मॉडेल-टी गाडीचे एक निकामी इंजिन दिले. निदान चालू यंत्रांना तो हात लावणार नाही, असा त्यामागचा हिशेब असावा. आर्मांने ते इंजिन दुरुस्त केले, लाकडी घसरगाडीवर बसवले आणि मागे विमानासारखा मोठा पंखा जोडला. ३१ डिसेंबर १९२२ रोजी, ऐन वर्षाअखेरीस, तो आणि धाकटा भाऊ लिओपोल्ड ही गाडी घेऊन व्हॅलकोर्टच्या रस्त्यावर उतरले. लिओपोल्डने पुढे बसून दिशा सांभाळली, आर्मांने मागे इंजिन. प्रचंड आवाज करत ती जवळपास एक किलोमीटर धावली.

वडिलांनी गाडी ताबडतोब मोडायला लावली. उघड्यावर फिरणारे पंख्याचे पाते कोणाचाही हात-पाय तोडू शकले असते, त्यामुळे त्यांची भीती रास्तच होती. पण मुलाच्या दृष्टीने एक गोष्ट सिद्ध झाली होती. इंजिनाच्या बळावर बर्फावरून जाता येते.

आई-वडिलांची इच्छा थोरल्याने धर्मगुरू व्हावे अशी होती. त्यासाठी त्याला शेरब्रुक शहरातील धर्मशाळेत घातले गेले. त्याचे मन तेथे रमले नाही. १७ व्या वर्षी त्याने वडिलांचे मन वळवले, शिक्षण सोडले आणि एका गॅरेजमध्ये उमेदवारी सुरू केली. पुढे माँट्रियलमध्ये काम करताना यंत्रशास्त्र, वीज आणि इंग्रजी यांचे शिक्षण कामानंतरच्या वेळेत घेतले. क्यूबेक फ्रेंच भाषक, तर तांत्रिक मासिके आणि पुस्तके बहुतेक इंग्रजीत. त्यामुळे ही भाषा शिकणे त्याच्यासाठी धंद्याची गरज होती.

गॅरेज ते प्रयोगशाळा

१९२६ मध्ये, १९ व्या वर्षी, बॉम्बार्डिये यांनी व्हॅलकोर्टमध्ये स्वतःचे गॅरेज उघडले. भांडवल वडिलांनी कर्जाऊ दिले, ते त्यांनी तीन वर्षांत फेडले. मोटारी, पंप, शेतीची यंत्रे असे जे येईल ते दुरुस्त होत असे. जे हत्यार मिळत नसे ते स्वतः बनवले जाई. १९२९ मध्ये त्यांचा विवाह गावातल्याच इव्हॉन लाब्रेक यांच्याशी झाला.

गॅरेजचे उत्पन्न उन्हाळ्याचे. हिवाळ्यात मोटारीच बंद, तर दुरुस्तीला येणार काय? त्यामुळे थंडीचे महिने प्रयोगांना मोकळे असत. जवळपास दहा वर्षे हा क्रम चालला. कधी जुन्या मोटारीच्या मागच्या चाकांऐवजी पट्टे, पुढच्या चाकांऐवजी स्की. कधी अगदी हलकी एक-दोन माणसांची गाडी. तेव्हा जगात इतरांचेही प्रयत्न सुरू होते. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम केलेले फ्रेंच अभियंते आडोल्फ केग्रेस यांनी रबरी पट्ट्यांची अर्धसाखळी गाडी बनवली होती. अमेरिकेत मॉडेल-टीला स्की आणि पट्टे जोडण्याचे संच विकले जात होते. आणि माँट्रियलजवळ आर्थर सिकार हे गृहस्थ नेमक्या उलट दिशेने, बर्फ उचलून दूर फेकणारे यंत्र बनवत होते. त्यांचे पहिले यंत्र १९२५ मध्ये तयार झाले.

बॉम्बार्डिये यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. धातूचे पट्टे जड असल्याने मऊ बर्फात गाडी रुते. शिवाय ओला बर्फ दातेरी चाकात आणि पट्ट्यात शिरून गोठे आणि काही मैलांत सगळे जाम होई.

१९३४ च्या हिवाळ्यात काय घडले?

त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों याच्या पोटात दुखू लागले. आंत्रपुच्छाचा दाह होता आणि त्यातून पोटात संसर्ग पसरला. शस्त्रक्रियेची सोय शेरब्रुकला, साधारण ५० किलोमीटरवर. रस्ते बर्फाखाली गेलेले. बॉम्बार्डिये यांची प्रायोगिक बर्फगाडी गॅरेजमध्ये होती, पण सुट्या भागांच्या स्वरूपात. जो माणूस बर्फावरून माणसे नेण्याच्या यंत्रावर वर्षानुवर्षे खपत होता, त्याला स्वतःच्या मुलाला रुग्णालयात नेता आले नाही. इव्हों दगावला.

या घटनेमुळेच त्यांनी बर्फगाडी शोधली, असे अनेकदा सांगितले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. शोध आधीपासून सुरू होता. पण त्या हिवाळ्यानंतर कामाला वेगळीच निकड आली, हे पुढच्या दोन वर्षांतील प्रगतीवरून दिसते.

तोडगा काय निघाला?

१९३५ मध्ये त्यांनी पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाची नवी रचना केली. हे चाक लाकडाचे होते आणि त्यावर रबराचे आवरण. पट्टाही रबराचा, त्याला आडव्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या. चाकाचे दाते या आडव्या पट्ट्यांना पकडून पट्टा ओढत. रबर लवचिक असल्याने त्यावर बर्फ धरून राहत नसे आणि एकूण वजनही कमी झाले. गाडीचे ओझे लांब-रुंद पट्ट्यावर पसरल्याने ती मऊ बर्फावर तरंगल्यासारखी चालू लागली. वळवण्यासाठी पुढे दोन स्की. २९ जून १९३७ रोजी या रचनेला कॅनडाचे पेटंट मिळाले. दातेरी चाकाची हीच आकृती पुढे कंपनीचे बोधचिन्ह झाली.

या रचनेवरील पहिली गाडी ‘बी-७’. ‘बी’ बॉम्बार्डियेचा आणि ७ प्रवाशांचे. प्लायवूडची बंद केबिन, आत सात माणसे. गिऱ्हाइके कोण होती, हे पाहिले की तिची गरज कळते. खेड्यापाड्यांतले डॉक्टर, हॉटेलचालक, टपाल कंत्राटदार, टॅक्सीवाले, धर्मगुरू, लाकूडतोड कंपन्या. मागणी इतकी वाढली, की गॅरेज पुरेना. १९४० च्या सुमारास मोठा कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर बारा प्रवाशांची ‘बी-१२’ आली. गोल काचांच्या खिडक्यांची, निमुळत्या पाठीची ही गाडी क्यूबेकच्या हिवाळ्याची ओळख ठरली. ती रुग्णवाहिका झाली, शाळेची बस झाली, टपालगाडी झाली. गोठलेल्या तळ्यांवर मासेमारी करणाऱ्यांचेही ते वाहन झाले. ज्या घरांत पूर्वी आजारी माणूस वसंताची वाट पाहत असे, तिथे आता गाडी दारापर्यंत येऊ लागली.

युद्धाने काय बदलले?

दुसऱ्या महायुद्धात सरकारने कच्च्या मालावर निर्बंध घातले. बर्फगाडी घ्यायची तर ती अत्यावश्यक असल्याचे ग्राहकाला सिद्ध करावे लागे. नागरी विक्री आटली, पण लष्कराला बर्फावर चालणाऱ्या गाड्या हव्या होत्या. १९४२ मध्ये ‘लोतो-नेज बॉम्बार्डिये’ ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. लोतो-नेज म्हणजे बर्फमोटार. लष्करासाठी सैनिकवाहू आणि चिलखती पट्टेगाड्या तयार झाल्या. त्यांचे उत्पादन बहुतांशी माँट्रियलमध्ये इतरांच्या कारखान्यांत झाले. आपल्या पेटंटच्या वापराचा योग्य मोबदला मिळावा यासाठी बॉम्बार्डिये यांना सरकारशी झगडावे लागले. यानंतर प्रत्येक सुधारणेचे पेटंट घ्यायचे, हा त्यांचा शिरस्ता झाला. आयुष्यभरात त्यांच्या नावावर ४० हून अधिक पेटंट जमा झाली.

धंदा मोडण्याची वेळ का आली?

युद्ध संपले, निर्बंध उठले, विक्री पुन्हा चढली. आणि १९४८ च्या हिवाळ्यात क्यूबेक सरकारने ग्रामीण रस्ते हिवाळ्यातही साफ ठेवण्याचे धोरण घेतले. नांगरपाते लावलेले ट्रक गावोगावी फिरू लागले. लोकांना साधी मोटार बाराही महिने वापरता येऊ लागली. मग बारा माणसांची बर्फगाडी कशाला? बॉम्बार्डिये यांची विक्री एका वर्षात कोसळली.

जनतेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. रस्ता मोकळा झाला, तर प्रत्येकाचे वाहन चालते. बर्फगाडी असली, तर ज्याच्याकडे ती आहे त्याचेच. पण एका वस्तूवर आणि एका ऋतूवर उभा असलेला कारखाना सरकारच्या एका निर्णयाने कसा डळमळतो, हे बॉम्बार्डिये यांनी अनुभवले. हा धडा ते विसरले नाहीत.

मग त्यांनी काय केले?

पट्ट्याचे तंत्र हातात होते. बर्फाखेरीज ते कुठे चालेल, असा त्यांनी विचार केला. उत्तर होते चिखल, दलदल आणि जंगल. १९४९ च्या सुमारास त्यांनी शेतीच्या चाकांच्या ट्रॅक्टरवर चढवता येईल असा पट्ट्याचा जोड बाजारात आणला. त्यामुळे भुसभुशीत जमिनीत ट्रॅक्टर रुतायचा थांबला. १९५३ मध्ये ‘मस्केग’ हे पट्टेवाहन आले. मस्केग म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडील दलदलीची जमीन. तेलशोधक, वीज कंपन्या, वनखाती यांनी ते उचलून धरले. व्हिव्हियन फुक्स यांच्या नेतृत्वाखालील १९५५ ते ५८ च्या अंटार्क्टिका पार करणाऱ्या मोहिमेतही एक मस्केग होते.

याच काळात लाकूडतोडीसाठी ‘जे-५’ हा छोटा पट्टे-ट्रॅक्टर निघाला. अशा आटोपशीर ट्रॅक्टरना पुढे पाते जोडून शहरांतील पदपथांवरचा बर्फ काढला जाऊ लागला. या कामासाठी कंपनीने नंतर खास अरुंद ट्रॅक्टर बनवले. ज्या पात्याने बर्फगाडीचा बाजार संपवला, तेच पाते आता बॉम्बार्डिये यांच्या कारखान्यातून बाहेर पडत होते. माँट्रियलच्या पदपथांवर या यंत्रांची पुढे अनेक दशके ये-जा राहिली. घरासमोरचा बर्फ छोट्या यंत्राने सारण्याची कल्पना इथून फार दूर नाही.

‘स्की-डू’ कशी आली?

तरुणपणी मनात असलेली एक-दोन माणसांची हलकी गाडी मात्र राहून गेली होती. अडचण इंजिनाची होती. पुरेसे हलके आणि भरवशाचे इंजिन तेव्हा मिळत नसे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मिळू लागले. दरम्यान थोरला मुलगा जर्मेन याने सांधा नसलेला, एकसंध रबरी पट्टा तयार केला. या दोन गोष्टी जुळल्या.

१९५९ च्या वसंतात बॉम्बार्डिये नवे यंत्र घेऊन उत्तर ओंटारियोतील लान्सडाउन हाउस या दुर्गम वस्तीत गेले. तेथे त्यांचे मिशनरी मित्र फादर मॉरिस उईमे राहत. कुत्र्यांच्या घसरगाड्यांवर जगणाऱ्या मूळनिवासी वस्तीत यंत्राची परीक्षा झाली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ते बाजारात आले आणि पहिल्या हंगामात २२५ गाड्या गेल्या. कुत्र्यांची जागा घेणारी म्हणून तिचे नाव ‘स्की-डॉग’ ठेवायचे होते. छापताना शेवटचे अक्षर बदलले आणि ‘स्की-डू’ झाले, अशी कथा सांगतात.

बॉम्बार्डिये यांना ती शिकारी, मिशनरी, भूमापक यांच्या उपयोगाची वस्तू वाटत होती. लोकांनी तिला खेळ बनवले. १९६३-६४ च्या हंगामात विक्री ८ हजारांवर गेली. तरीही संस्थापक सावध होते. १९४८ चा अनुभव गाठीशी असल्याने पुन्हा एकाच हंगामी वस्तूवर भार टाकायला ते तयार नव्हते. त्यांचा जीव मस्केग आणि औद्योगिक ट्रॅक्टरमध्ये अधिक होता.

स्की-डूचे परिणाम मात्र दूरवर गेले. फिनलंडमधील सामी रेनडिअरपालकांपासून कॅनडातील इन्यूइट वस्त्यांपर्यंत १९६० च्या दशकात जगण्याची पद्धत बदलली. शिकारीचे अंतर वाढले, वेळ वाचला. पण पेट्रोल आणि सुट्या भागांसाठी रोख पैसा लागू लागला, कुत्र्यांचे कळप कमी झाले आणि ज्यांना यंत्र परवडले नाही ते मागे पडले. या बाजूची नोंद घेतल्याशिवाय त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी शेरब्रुक येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५६. स्की-डूचा खरा सुकाळ त्यांनी पाहिला नाही.

त्यांच्यानंतर कंपनी एटीव्हीकडे कशी वळली?

काही काळ जर्मेन आणि १९६६ पासून जावई लोराँ बोदोअँ यांनी सूत्रे सांभाळली. १९७० मध्ये ऑस्ट्रियातील रोटॅक्स या इंजिन कंपनीचा ताबा मिळाला. १९७४ मध्ये माँट्रियल मेट्रोच्या ४२३ डब्यांचे काम आले, १९८६ मध्ये कॅनडेअर ही विमान कंपनी. चारचाकी एटीव्हीचा बाजार तोवर जपानी आणि अमेरिकी कंपन्यांनी घडवला होता. बॉम्बार्डियेची पहिली एटीव्ही, ‘ट्रॅक्स्टर’, १९९८ मध्ये आली. २००३ मध्ये स्नोमोबाइल आणि एटीव्हीचा विभाग विकला गेला आणि तो ‘बीआरपी’ नावाने वेगळी कंपनी झाला. त्याच्या एटीव्ही २००६ पासून ‘कॅन-ॲम’ नावाने विकल्या जातात. या गाड्यांचे मुख्यालय आजही व्हॅलकोर्टच.

आज एटीव्ही निवडताना काय पाहावे?

बॉम्बार्डिये यांचे जुने कोडे इथे पुन्हा समोर येते. तरंगायचे आहे की ढकलायचे? ड्राइव्हवेसाठी उत्तर ढकलायचे हे आहे. म्हणून पहिला विचार वजनाचा आणि पकडीचा.

एक साधा हिशेब करू. ३० मीटर लांब, ३ मीटर रुंद वाटेवर २० सेंटिमीटर बर्फ पडला, तर तो १८ घनमीटर भरतो. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास धरला, तर जवळपास पावणेदोन टन. ओला बर्फ असेल तर त्याच्या तिप्पटही. मध्यम आकाराच्या एटीव्हीचे स्वतःचे वजन मात्र साधारण ३०० ते ४०० किलो. त्यामुळे फक्त इंजिनाचा आकडा पाहून उपयोग नाही. ५०० सीसीच्या आसपासचे इंजिन बहुतेक घरांना पुरते. त्याहून महत्त्वाचे आहे ते चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा, पुढची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे डिफरन्शियल लॉक आणि ‘लो’ गिअर. बहुतेक एटीव्हींत पट्ट्यावर चालणारा स्वयंचलित गिअर असतो. ‘हाय’मध्ये ढकलत राहिले, तर तो पट्टा तापून जळतो.

दुसरा विचार पात्याच्या रुंदीचा. पाते तिरके केले, की त्याची परिणामी रुंदी घटते. ६० इंची पाते ३० अंशांत वळवले, तर सुमारे ५२ इंचच वाट मोकळी होते. एटीव्हीची रुंदी साधारण ४८ इंच, म्हणजे ते पुरते. ४८ इंची पाते मात्र तिरके होताच ४२ इंचांवर येते आणि चाके न काढलेल्या बर्फावरून जातात. शेजारी-शेजारी बसण्याच्या रुंद गाड्यांना म्हणूनच ७२ इंची पाते लागते.

तिसरा, चाके की पट्टे? एटीव्हीला चाकांच्या जागी रबरी पट्टे बसवता येतात. खोल बर्फातून फिरायचे तर ते उत्तम. पण नियमित साफ होणाऱ्या छोट्या वाटेसाठी चाकांना साखळ्या आणि मागच्या कॅरिअरवर वाळूच्या पिशव्या हा स्वस्त उपाय बहुधा पुरतो. जास्तीचे वजन कंपनीने दिलेल्या मर्यादेतच ठेवावे.

चौथा विचार जोडणीचा. पाते गाडीच्या पोटाखालच्या चौकटीला जोडलेले असावे, पुढच्या बंपरला नव्हे. ते उचलणाऱ्या विंचला तारेऐवजी कृत्रिम दोर असला, तर सतत वर-खाली करताना तो कमी तुटतो. अडथळा लागताच पात्याची कड मागे झुकवणारी स्प्रिंग हवीच, कारण बर्फाखालचा दगड दिसत नाही. खडीची वाट असेल, तर पात्याखाली उंची राखणारे बूट लावावे लागतात, नाही तर बर्फाबरोबर खडीही बाजूला जाते. विंच आणि हँडलची ऊब दोन्ही बॅटरीवर चालतात, म्हणून जनरेटरची क्षमताही विचारून घ्यावी.

पाचवा विचार वापराचा. मोठ्या हिमवृष्टीत पाऊण फूट साचेपर्यंत थांबण्यापेक्षा मध्येच एकदा फिरवणे सोपे पडते. हंगामाच्या सुरुवातीचे ढीग वाटेपासून लांब सारावेत. ते गोठून दगडासारखे होतात, मग हलत नाहीत आणि फेब्रुवारीपर्यंत वाट अरुंद होत जाते. दर वर्षी एक-दोनदाच बर्फ पडत असेल किंवा वाट दोन मोटारींइतकीच असेल, तर हाताने ढकलायचे बर्फफेक यंत्रही पुरते. उन्हाळ्यात लाकूड वाहणे, शेतातली कामे असा दुसरा उपयोग असेल, तरच एटीव्हीचा खर्च परवडतो. एका ऋतूवर भिस्त ठेवू नये, हा व्हॅलकोर्टचा धडा खरेदीदारालाही लागू पडतो.

मुंबईशी काय नाते?

२०१५ मध्ये पश्चिम रेल्वेवर पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या लोकल धावू लागल्या. प्रवासी त्यांना सरसकट ‘बम्बार्डियर’ म्हणू लागले. डबे चेन्नईच्या कारखान्यातले, पण त्यांची विद्युत यंत्रणा बॉम्बार्डिये कंपनीची होती. याच कंपनीने गुजरातमधील सावली येथे दिल्ली मेट्रोचे डबे बनवले. २०२१ मध्ये तिचा रेल्वे विभाग फ्रान्सच्या अल्स्टॉमने विकत घेतला. त्यामुळे रुळांवरचे हे नाव आता मागे पडत आहे. व्हॅलकोर्टमध्ये मात्र बॉम्बार्डिये यांचे १९२६ चे गॅरेज संग्रहालयात जपून ठेवले आहे. दर हिवाळ्यात त्या गावच्या वाटांवर चालणाऱ्या अनेक यंत्रांवर, स्नोमोबाइल असो वा पाते लावलेली एटीव्ही, आजही त्याच गावातल्या कंपनीची नावे दिसतात.